रणजीतनं लावलेली रचना

माझा नवरा रणजीत लग्नांत डीजे लावतो, आणि घरी मला मारायच्या आधीही लावतो. आवाजच एवढा, की पुसेगावजवळच्या आमच्या तांड्याला कधी काही कळलं नाही. माणूस डोकेबाज, मेला.

त्या दुपारी मी हेडफोन लावून अमेरिकेतल्या एका बाईची रचना ऐकत होते. बाई अजून हयात आहे. ऐंशी वादक, शब्द एकही नाही. आधी एकटं व्हायोलिन, मग खर्जातले चेलो एकेक करून मागून येतात आणि सूर खाली खाली ओढत नेतात. ती ऐकताना वाटतं, माझं दुखणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

रणजीतनं पाणी मागितलेलं मला ऐकूच आलं नाही. त्यानं हेडफोन हिसकला, त्यात डूल अडकून कान फाटला.

"लई आवडून राहिलं व्हय हे रडगाणं? आज हेच लावतो!"

माझा फोन त्यानं अंगणातल्या डीजेच्या बॉक्सना जोडला आणि लोखंडी पाइप घेऊन आत आला. दार नुसतं लोटलं.

पहिल्या फटक्यात मनगट मोडलं. दुसरा डोक्यात बसला, भिंतीवर रक्त उडालं. आज हा मला जिवंत सोडत नाही, हे कळून चुकलं. मी ओरडत होते आणि चेलो माझ्यापेक्षा मोठ्यानं.

तेवढ्यात दार उघडलं. तांड्यातल्या बाया रडत आत शिरल्या. आमच्यात मयत झालं की बाया सुरात रडतात, एकीनं सूर काढायचा, बाकीच्यांनी मागून धरायचा. बॉक्सवरचे चेलो ऐकून त्यांना वाटलं, घरात कुणीतरी गेलं. सगळ्यांत पुढे माझी सासू रुख्मिणीबाई, शेतातून धावत आलेली.

"कोण गेलं वं माझ्या घरातलं?"

मग तिनं मला पाहिलं. त्याच्या हातातला पाइपही पाहिला. रडणं थांबलं.

"जा घरी, कोणी मेलं न्हाई," रणजीत म्हणाला.

सासूनं पाइप ओढून घेतला आणि त्याच्या नडगीवर हाणला. हाड मोडल्याचं मी ऐकलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तो खाली कोसळला. सासूनं माझं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं जखम दाबली आणि सूर काढला.

"माझा रणजीत गेला वं..."

"माय, मी जित्ता हाय!"

एकेक बाई मागून सूर धरत गेली. तो ओरडत राहिला, पण त्याच्याकडे एकीनंही पाहिलं नाही.