विषय : टँकर

मेघाने स्वतःच्याच पत्त्यावर ‘टँकर’ असा विषय टाकून चाचणीची मेल पाठवली आणि पडद्याकडे बघत बसली. मेल आली नाही. समोर टँकरवाले सर्जेराव टोपीने वारा घेत उभे होते.

“ताई, फ्लॅटवाले मलाच शिव्या द्यायलेत. म्हणत्यात, हापिसात कवाच्या मेल टाकल्यात. मला तर निरोपच नाय.”

“बसा काका. कुठं अडतंय तेवढं बघते.”

उस्मानपुऱ्यातल्या या बिल्डरच्या ऑफिसात संगणकाचं सगळं मेघाच बघायची. शहर बायपासपर्यंत पसरलं, पण बोअरला पाणी काही लागेना. मागच्या उन्हाळ्यात पाऊस पडला तो टँकर मागणाऱ्या फ्लॅटवाल्यांच्या मेलचा. मालक श्रीरंग सरांना येता-जाता प्रत्येकाच्या पडद्यात डोकावायची सवय; फक्त विषयात ‘टँकर’ दिसलं की कपाळाला आठ्या घालून पुढे सरकायचे. हे शंतनूने बरोबर हेरलं. हा साइट इंजिनियर तेव्हा समोरच्याच टेबलावर बसायचा. मग विषय ‘टँकर’ आणि आत भलतंच : ‘डब्यात काय आहे?’, ‘ती हिरवी ओढणी रोज का नाही घालत?’ मान वर न करता दोघं हसायची.

पावसाळा लागला, टँकर थांबले आणि शंतनूची पुण्याला बदली झाली. “पोचलो की लिहितो,” म्हणाला होता. त्याची मेल आलीच नाही. तिने त्याच जुन्या ‘टँकर’ विषयाने दोनदा लिहून पाहिलं, त्यालाही उत्तर नाही. फोन करायला मन धजावलं नाही. मोठ्या घरचा मुलगा, विसरला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण रोज सकाळी पहिल्यांदा मेलच उघडायची. येत्या रविवारी देवगाव रंगारीहून पाहुणे बघायला येणार होते. या वेळी नाही म्हणणार नाही, असं तिने आईला सांगून टाकलं होतं.

तिने आधी स्वतःच्या खात्यातले नियम उघडले. ‘मेलमध्ये टँकर असेल तर शंतनूकडे पाठवा, इथे प्रत ठेवू नका.’ शंतनू जाताना ‘टँकरचं तोच तिकडून बघेल’ असं सरांनी सांगितलं म्हणून तिनेच घातलेला नियम. पाऊस पडला आणि ती तो विसरूनही गेली. मग तिने शंतनूचं खातं बघितलं. तिथेही तसाच एक : ‘मेलमध्ये टँकर असेल तर मेघाकडे पाठवा.’ इथलं काम आता मेघाकडे, म्हणून त्याने लावलेला.

“सापडलं का?” सर्जेरावांनी विचारलं.

“हे खातं म्हणतं तिकडं जा, ते म्हणतं इकडं जा. मेल नुसती फिरत राहती काका. शेवटी सर्व्हर टाकून देतो.”

“अन् पाठवणाऱ्याला कळत नाय?”

“इंग्रजीत काहीतरी परत जातं. कोण वाचतंय!”

बोलता बोलता ती थांबली. ऑफिसातल्या कुणी पाठवली, तर ती परतीची सूचनाही याच फेऱ्यात अडकणार. तिच्यातही ‘टँकर’ असणारच.

तिने सर्व्हरच्या जुन्या नोंदी वर सरकवल्या. फ्लॅटवाल्यांची नावं संपली आणि शंतनूचं सुरू झालं. गणपतीत एक. दिवाळीत एक. मग संक्रांतीला. शेवटची परवाच्या होळीला. सगळ्या तिलाच, विषय ‘टँकर’. आत काय लिहिलं होतं, ते सर्व्हरने ठेवलं नव्हतं. जे यावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता, ते तिच्याच नियमाने परत जात होतं. तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले.

“ताई, पाणी देऊ का?”

“नको काका.” तिने दोन्ही नियम काढून टाकले. चाचणीची मेल पुन्हा पाठवली, ती लगेच आली. “लोकांना परत मेल टाकायला सांगा. आता येतील.”

सर्जेराव गेले. मेघाने शंतनूला नवी मेल लिहायला घेतली. बोटांनी सवयीने ‘टँकर’ लिहिलं. तिने ते खोडलं आणि विषयाच्या जागीच लिहिलं : ‘रविवारच्या आत ये.’

केबिनचं दार वाजलं. श्रीरंग सर येऊन पाठीमागे थांबले.

“रविवारी काय आहे, मेघा?”

तिने पडदा झाकला नाही. मेल पाठवून दिली.

“होतं सर,” ती म्हणाली, “आता नाही.”