हुंकार

थोरली एका स्टुडिओत मुलाखती साफ करायची. खोकला, उसासे, 'म्हणजे', 'काय आहे' असले बोलण्यातले झिजलेले शब्द कापायचे आणि माणूस कसा घडाघडा बोलतोय ते ऐकवायचं, हे तिचं काम. तिच्या कात्रीतून सख्खा बापही सुटला नाही.

बाबांचा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला. आजार बळावला तेव्हा तिने त्यांना माइकसमोर बसवून सगळं बोलून घेतलं. त्यांचं दर दुसरं वाक्य 'बघ'ने सुरू व्हायचं. "बघ, चावीवर कधी जोर करायचा नाही." कोणे एके काळी या शब्दाने खरोखर काही दाखवलं असेल, पण बाबांच्या तोंडी त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने एकूण एक 'बघ' छाटला आणि स्टुडिओच्या रिवाजाप्रमाणे मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकलं.

बाबा गेले आणि आईने अन्न सोडलं. एकदा नुसता त्यांचा आवाज ऐकव, एवढंच म्हणायची. थोरलीने मोठ्या हौसेने लावून दिलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं.

"गळा त्यांचाच आहे गं," ती म्हणाली. "पण हे बोलतायत कुणाशी?"

थोरलीला छाटलेले 'बघ' आठवले. छाटलेले तुकडे स्टुडिओत भंगारात पडून राहतात आणि महिना संपला की तेही पुसतात. ती तशीच धावत सुटली. पुसायला बसलेल्या सहकाऱ्याचा तिने हातच धरला. तुकडे मिळाले, पण कुठला कुठून कापला ते आता तिलाही सांगता येईना. शेवटी तिने ते मध्ये थोडी थोडी शांतता सोडून एकापुढे एक जोडले.

घरी येऊन तिने ते लावले.

"बघ." शांतता. "बघ." एक हसरा, एक वैतागलेला, एक धाप लागलेला. कुलूप नाही, चावी नाही, नुसता बाप खोलीत येऊन बाही ओढत होता. ध्वनिमुद्रण चालू असताना आपण एकदाही मान वर केली नाही, सगळा वेळ डोळे स्क्रीनवर होते, हे तिला आत्ता आठवलं. तिला रडू आवरेना.

आई मात्र सावरून बसली. संसारभर देत आली तसा प्रत्येक 'बघ'ला तिने हुंकार दिला. मग झाकून ठेवलेलं ताट पुढे ओढलं आणि जेवू लागली. थोरलीला हायसं वाटलं.

तुकडे संपले. थोरलीने यंत्र बंद केलं, वायर गुंडाळली. आई घास हातात धरून थांबली, मान किंचित कलती करून.

"हं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "हं."