कुरेबायाशींच्या पायाची बोटं

ज्या प्रसंगाला लोकांनी डोळे पुसावेत अशी अपेक्षा होती, त्या प्रसंगाला स्टुडिओतली माणसं फिदीफिदी हसली. एखादाच हसला असता तर मिनेकोनं त्याला मूर्खात काढलं असतं. पण रंगखात्यातल्या बायका हसल्या, आवाजवाले हसले आणि दिग्दर्शक नुकातासुद्धा तोंडावर मूठ धरून खोकल्यासारखं काहीतरी करून गेला.

पडद्यावर जिंपाची गुरूच्या पायाशी कोसळत होता. जिंपाची म्हणजे देवळाच्या घंटा ओतणाऱ्या कारागिराचा पळपुटा चेला. मालिकेचा हा शेवटचा भाग. गुरूची घंटा याच्या हातून तडकलेली, आणि आता हा गुडघे टेकून, तळवे पसरून, कपाळ जमिनीला लावून माफी मागतो. दोगेझा. माणसाला याहून खाली वाकता येत नाही, म्हणून जुनी माणसं तो जपून वापरायची. ॲनिमेवाल्यांनी, म्हणजे चालती चित्रं काढणाऱ्यांनी, त्याचा पार चोथा केला. उडी मारून दोगेझा, घसरत येऊन दोगेझा, कपाळाच्या आदळण्यानं जमिनीला भेग पाडणारा दोगेझा! आणि त्यातला सगळ्यात गाजलेला मिनेकोच्याच हातचा होता. मालिकेच्या सुरुवातीला जिंपाची बहिणीच्या औषधासाठी धान्याच्या व्यापाऱ्यापुढे वाकतो, तो. कपाळ आपटतं, धूळ उडते, पाठ कशी आखून घेतल्यासारखी सरळ. पोरांनी त्याचे मोबाइलवरचे स्टिकर केले. उशिरा घरी येणारे नवरे बायकांना तेच चित्र पाठवू लागले. आता जिंपाची वाकला की लोकांना नवरे आठवत होते.

"तुझी चूक नाही," नुकाता म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे, आहे."

"पुन्हा काढते."

"किती वेळा काढशील? हा शॉट कुरेबायाशींनी काढायला हवा."

"ते माझा फोन उचलत नाहीत."

"मग फोन करू नकोस. जा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर आभाळ दाखवू. दोन ढग, मागून आवाज. सगळी मालिका माफीकडे चाललेली, आणि माफीच्या वेळी ढग. लोक मला जोड्यानं मारतील."

कुरेबायाशींनी मिनेकोला पेन्सिल धरायला शिकवलं होतं. या धंद्यात मूळ चित्रकार पांढऱ्या कागदावर काढतो. त्याच्यावरचा तपासनीस पिवळा कागद वर ठेवतो आणि हवं ते दुरुस्त करून काढतो. मिनेको तपासनीस झाली, आणि एके दिवशी तिच्या टेबलावर गुरूचेच पांढरे कागद आले. व्यापाऱ्यापुढचा तो दोगेझा. त्यातला जिंपाची बेढब होता. ढुंगण वर, कोपरं वाकडी, मान कुठेतरी भलतीकडेच. शिवाय चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात व्यापाऱ्याचे पाय काढलेले, तेही उगाच. मिनेकोनं एकामागून एक पिवळे कागद चढवले. पाठ सरळ केली, पाय पुसून टाकले. एवढ्यावर थांबली असती तर धंद्याची रीत म्हणून खपलंही असतं. पण भरल्या खोलीत ती म्हणाली, "म्हातारबुवांना आता चौकट कळेनाशी झालीय."

अशी वाक्यं पायी जात नाहीत, उडत जातात. कुरेबायाशींनी भांडण केलं नाही. आपल्या पेन्सिली उचलल्या आणि ओमेच्या डोंगरापाशी घर होतं तिथे जाऊन बसले. त्यानंतर मालिका कित्येक वर्षं चालली, पण त्यांनी कुणासाठीच काही काढलं नाही.

मिनेको ओमेला उतरली. हातात योकानचा डबा, घट्ट बीनच्या मिठाईचा, विटेसारखा जड. माफी मागायला जाताना जड मिठाई न्यायची असते, आणि ती आधी पुढे करायची नसते. एवढं तिला ठाऊक होतं. रस्ताभर तिनं वाक्य घोकलं होतं, "माझ्या उद्धटपणाबद्दल मी अंतःकरणपूर्वक..."

ओसरीवर कुरेबायाशींची बायको, फुसाए काकू, तेंडूफळं सोलून दोरीला बांधत होत्या. मिनेको शिकाऊ असताना रोज याच बाईच्या हातचं जेवायची. काकूंनी वर पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं.

"योकान! म्हणजे भेटायला नाही आलीस. भेटायला येणारी माणसं केक आणतात."

"काकू, मी..."

"तुमच्या स्टुडिओची माणसं येतात, तीही हेच आणतात. 'सेन्सेईंना, गुरुजींना, एकदा भेटू द्या', की घातलंच लोटांगण. कपाटात योकानची भिंत झालीय. ये आत. मेली वाळली किती!"

"भेटतील का?"

"घरात आहेत. भेटतील की नाही ते त्यांना विचार. मला काय, मी भाड्यानं आणलेली."

आतली खोली तिला पाठ होती. तीच चटई, तेच खालून उजेड पडणारं चित्रकाराचं टेबल, फक्त आता त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. कुरेबायाशी खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर बसले होते. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नसे. पायात राखाडी मोजे, डाव्याला अंगठ्यापाशी रफू. ते वळले नाहीत.

"कोण?"

"मिनेको."

"चौकट सापडली का?"

मिनेकोच्या कानशिलात रक्त चढलं. तिनं डबा बाजूला ठेवला, त्यांच्या पायांपुढे गुडघे टेकले, तळवे चटईवर ठेवले आणि कपाळ खाली नेलं. "माझ्या उद्धटपणाबद्दल मी अंतःकरणपूर्वक..." वाक्य शेवटपर्यंत म्हटलं. शेवटच्या भागाची विनंती केली. कुठे अडखळली नाही.

आता उत्तर यायला हवं होतं. "वर बघ" असं समोरच्यानं म्हणायचं असतं. तो म्हणेपर्यंत डोकं उचलायचं नाही, ही रीत. म्हणूनच तर लोक दोगेझाला घाबरतात. वाकणाराही अडकतो आणि ज्याच्यापुढे वाकायचं तोही.

त्याऐवजी स्टूल करकरलं. मग मागच्या फळीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि मग एक आवाज, जो तिनं झोपेतही ओळखला असता. कागदावर पेन्सिल.

म्हातारा तिचं चित्र काढत होता.

"छान," कुरेबायाशी म्हणाले. "पाठ अगदी सरळ. धूळ तेवढी राहिली."

तिनं दात आवळले. खरंच, तिची पाठ सरळ होती. कोपरं आत, बोटं जुळलेली. माफी मागतानाही ती आपलाच गाजलेला शॉट काढत होती. छतातून स्वतःकडे बघत होती आणि चौकट जमवत होती! लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ राग आला. म्हाताऱ्या, मी एवढी शहरातून तुझ्या दारात नाक घासायला आले, आणि तू माझी गंमत बघतोस?

पेन्सिल चालली होती. लांब आवाज म्हणजे पाठीची रेघ. तुटक तुटक म्हणजे बोटं. मग थांबली. खोडरबर. पुन्हा तीच रेघ.

पायांना मुंग्या आल्या. मुंग्या गेल्या आणि पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे झाले. काकू चहा घेऊन आल्या, दारातच थबकल्या.

"अहो, उठवा की तिला! पोरगी आहे, पायपुसणं नाही."

"तू जा."

"मी कुठे जाऊ? माझंच घर आहे." पण त्या गेल्या. चहाचा पेला चटईवर टेकल्याचा तेवढा आवाज झाला.

मिनेकोचं डावं कोपर थरथरू लागलं. तिनं ते दाबून धरलं, तर ओझं उजवीकडे गेलं आणि कंबर वर सरकली. मान अवघडली म्हणून तिनं गाल एका बाजूला केला. ढुंगण वर, कोपरं वाकडी, मान भलतीकडेच. बेढब. तिनंच पुसून टाकलेला जिंपाची. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा पेन्सिलचा वेग एकदम वाढला होता. म्हातारा इतका वेळ याचीच वाट बघत बसला होता.

मान वळल्यामुळे आता तिला त्यांचे पाय दिसत होते. इतक्या जवळून की रफूचा धागा मोजता आला असता. मोज्यांतली बोटं चटईत रुतली होती. कडेवर मूल घेऊन उतारावर उभा राहिलेला माणूस जशी रोवतो, तशी. चटई जणू त्यांच्या पायाखालून निसटत होती. एवढी आवळलेली की घोटा थरथरत होता. वर आवाज शांत, पेन्सिल शांत, आणि खाली हे चाललेलं.

तिनं पुसून टाकलेले व्यापाऱ्याचे पायही असेच होते. पांढऱ्या मोज्यांत आवळलेली बोटं. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्यानं उगाच कोपरा भरलाय. तिथे उभ्या माणसाला पळून जायचं होतं आणि पळता येत नव्हतं. सगळा प्रसंग त्या बोटांत होता, आणि तिनं तो पिवळ्या कागदाखाली गाडला होता. आणि वर पुन्हा भरल्या खोलीत तोंड उघडलं होतं.

घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"सेन्सेई," ती चटईत तोंड खुपसून म्हणाली, "पाय मला दिसले होते. मला कळले नाहीत. कळले नाहीत म्हणून मी पुसले, आणि कळले नाहीत हे कुणाला कळू नये म्हणून तुम्हाला हसले."

पेन्सिल थांबली.

मग कागद फाडल्याचा आवाज आला आणि तिच्या नाकापुढे एक चित्र सरकत आलं. पिवळ्या कागदावर. तपासनीसाचा रंग. इतकी वर्षं तसले कोरे कागद त्यांनी घरात जपून ठेवले होते. चित्रात ती होती, तशीच, वाकडी, आणि वरच्या कोपऱ्यात दोन पाय होते. बोटं आवळलेली. असं चित्र आज जपानात दुसरं कुणी काढू शकलं नसतं. नुकाता ते बघून रडला असता. शेवटचा भाग वाचला होता.

"तुझ्या शॉटची दुरुस्ती," कुरेबायाशी म्हणाले. "कामाला आलीस ना? झालं काम. घेऊन जा."

'वर बघ' म्हणाले नाहीत.

स्टुडिओची माणसं या क्षणी काय करतात ते दोघांनाही ठाऊक होतं. कागद छातीशी धरायचा, अजून चारदा वाकायचं आणि पुढची गाडी गाठायची. कुरेबायाशींनी तोंड खिडकीकडे फिरवलं असावं, कारण स्टूल पुन्हा करकरलं. पाय मात्र जागचे हलले नाहीत. बोटं होती तशीच होती.

मिनेकोनं कागदाला हात लावला नाही.

"घे की. डोळे फुटले का?"

"चित्र नको, सेन्सेई."

"काय?"

"ढग दाखवतील. दाखवू देत. मी त्यासाठीच आले होते, खोटं नाही बोलत. पण आता चित्र नको. तुम्ही 'उठ' म्हणा. आणि म्हणायचं नसेल तर तसं सांगा, मी मग आपली जाईन."

"धमकी देतेस? इथेच पडून राहीन म्हणून?"

"नाही. पाय गेलेत माझे, म्हणून पडलेय."

दारामागे काकूंना हसू फुटल्याचा आवाज आला आणि त्यांनी तो गिळला. मिनेको त्या रफूकडे बघत राहिली. नाही म्हणाला तर? म्हातारा हट्टी. सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाही.

आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारची. मग अंगठा हळूच वर आला आणि रफूच्या टाक्यातून त्याचं नख दिसलं.

"उठ, मिने," कुरेबायाशी म्हणाले.

ती उठायला गेली आणि लाकडाच्या मोळीसारखी कुशीवर कोसळली. चहाचा पेला कलंडला. पाय होते तिथेच राहिले, बाकीची बाई भलतीकडे. काकू दारातून खो खो हसत आत आल्या. "अगं बाई, ही तर उलथली! अहो, बघत काय बसलात, धरा तिला!"

कुरेबायाशींनी स्टुलाला धरलं. एक गुडघा टेकला, कळ आली तसे थांबले, दुसरा टेकला. वर्षानुवर्षांत प्रथमच ते चटईवर आले होते. तिच्या समोर, गुडघ्यांवर, हात पुढे करून. आता दोघांनाही उठता येत नव्हतं. मिनेको रडत होती आणि हसतही होती. आपण हसतोय याचं तिला वाईट वाटलं नाही.

पिवळ्या कागदावर चहा पसरत चालला होता. तिनं तो झडप घालून उचलला.

"राहू दे तो," कुरेबायाशी म्हणाले. तिच्या आडव्या पडलेल्या पायांकडे ते डोळे बारीक करून बघत होते. तिची सगळी उमेदवारी या नजरेखाली गेली होती. "त्यात उठणं नाही. माफ केलं तरी उठता येत नाही, ते राहिलंच माझ्याकडून. फुसाए, पांढरे कागद कुठे ठेवलेस?"

"जिथे तुम्ही टाकून दिलेत, त्याच फळीवर," काकू म्हणाल्या. चटई पुसायचा हात त्यांनी थांबवला नव्हता. "मी फक्त त्यांवरची धूळ झटकत होते."

मिनेकोला ती फळी माहीत होती. ती हातांवर रांगत तिकडे निघाली.