कापलेलं साठ्यात धरत नाहीत

काकूंना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, आणि त्यांच्या पलंगाभोवती त्यांच्याच शिवणगटातल्या बायका कापडावर तुटून पडल्या होत्या. बघणाऱ्याला शिसारी यावी असंच ते दृश्य होतं आणि खजिनदाराला ती अगदी घशापर्यंत आली होती. लेसवाली गुडघ्यांवर बसून कपाटाच्या खालच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घालून उचकत होती. जुळ्यांच्या आईने पोरांच्या दप्तराएवढी पिशवी गच्च भरली होती आणि वरून पाय देऊन दाबत होती. बँकवाली तर प्रत्येक गठ्ठा नाकाला लावून हुंगत होती.

"काका, ह्याला डांबरगोळ्यांचा वास मारतोय हं," ती ओरडली. "किलोमागे काहीतरी कमी करा."

शी! मेलेल्या बाईच्या कपाटाशी उभं राहून घासाघीस! खजिनदाराने मान दुसरीकडे वळवली.

काका दारात सरबताचा ट्रे घेऊन उभे होते. जन्मभर चष्मे घासून विकलेला माणूस, पण आता स्वतःचे हात थरथरत असल्यामुळे पेले एकमेकांवर किणकिणत होते. "तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. "तिची माणसं आहात तुम्ही. परक्याकडे जाण्यापेक्षा तुमच्याकडे गेलेलं बरं." घर मोठं, एकटे किती सांभाळणार, म्हणून त्यांनीच गटाला बोलावलं होतं. सामानाचा ताणकाटा दाराच्या कडीला अडकवला होता. त्यावर पिशवी टांगायची, वजन सांगायचं, पैसे टेबलावर ठेवायचे. काका मोजतसुद्धा नव्हते.

हा गट म्हणजे लाँड्रीच्या वरच्या खोलीत दर शनिवारी जमणाऱ्या हौशी बायका. गोधड्या, पिशव्या, उशांचे अभ्रे, जे मनात येईल ते शिवायचं. कमाई शून्य, खर्च मात्र असा की घरोघरी नवरे वैतागलेले. म्हणून दोन वर्षांपूर्वी दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडणाऱ्या ह्या बाईने सगळ्यांना शिस्त लावायचं मनावर घेतलं आणि तेव्हापासून तिचं नाव खजिनदार पडलं. प्रत्येकीने महिन्याचे कापडाचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवायचे. घरातलं जुनं कापड जेवढं वापराल तेवढंच नवं घ्यायचं. आणि वापरलं म्हणजे काय, ह्यावर भांडणं व्हायला लागली तेव्हा तिनेच निकाल देऊन टाकला, की कापलेलं कापड साठ्यात धरायचं नाही. कात्री लागली की ते खर्ची पडलं.

नियम बायकांना भलताच आवडला. महिनाअखेर आली की सगळ्या घरी बसून कचाकच कापायच्या आणि मोकळ्या मनाने दुकानात जायच्या. काकू तेवढ्या हसायच्या. "अगं, भूक नसताना भाजी चिरून ठेवायची आणि म्हणायचं जेवण झालं, त्यातली गत आहे ही," त्या म्हणायच्या. त्यांनी कधी पाकीट केलं नाही की हिशेब दिला नाही. त्यांची एकच पद्धत होती. जे कापड कुणासाठी ठरलं, त्याला पांढरी नाडी बांधायची. "हे बोललेलं आहे, ह्याला हात लावायचा नाही," असं त्या बजावायच्या, आणि गटातली एकूण एक बाई हे जाणून होती.

खिडकीशी काकूंचं मशीन होतं. सुईखाली अजून एक तुकडा तसाच अडकलेला होता, अर्धी शिवण घातलेला. खजिनदाराचं लक्ष तिथे गेलं, तेवढ्यात लेसवालीने कापड धरून ठेवणारा दाब उचलला, तुकडा ओढला आणि दोरा दातांनी तोडला.

"अगं काय करतेस!" खजिनदार म्हणाली.

"छान छाप आहे गं, हल्ली मिळत नाही," लेसवाली म्हणाली आणि तो पिशवीत कोंबला. तिच्या ओठाला दोऱ्याचं टोक चिकटलं होतं. ते तिने जिभेने आत घेऊन थुंकून टाकलं. खजिनदार दोन पावलं मागे सरकली. ह्या बायकांबरोबर आपण एका टेबलावर बसून चहा पितो, ह्याचीच तिला लाज वाटायला लागली. काही घेऊ नये, दोन शब्द काकांशी बोलावेत आणि निघावं, असं तिने पक्कं केलं.

मग तिला ते निळं दिसलं.

पलंगाच्या डोक्याशी, उशीमागे नीट ठेवलेला गठ्ठा होता. हातमागाचं सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, संध्याकाळ पडताना आभाळ होतं तसं निळं. असं कापड ती किती वर्षं शोधत होती. दुकानात एकदा मिळालं होतं, पण भाव ऐकून तिने हात मागे घेतला होता. इथे किलोवर जाणार होतं. वर पांढरी नाडी होती, सुरगाठ मारून.

ती आंधळी नव्हती. नाडी दिसली आणि नाडीचा अर्थही आठवला. पण मनाचं काय, ते वकील ठेवून बसलेलंच असतं. बोललेलं असेल, पण ज्या बोलल्या त्या तर गेल्या. आता कुणासाठी म्हणून विचारायचं? आणि मी नाही घेतलं तर ही लेसवाली घेणार, तिच्या त्या थुंकीच्या तोंडाने. त्यापेक्षा माझ्याकडे नीट राहील. तिने पाठ वळवली, नाडी सोडवली, पर्समध्ये टाकली आणि गठ्ठा पिशवीत सरकवला. पैसे तिने पुढच्या महिन्याच्या पाकिटातून दिले. आपण घासाघीस केली नाही, ह्याचं तिला रस्ताभर बरं वाटत राहिलं.

घरी नवरा पेपर वाचत होता. "आलीस? आज किती वाचवलेस?" त्याने नेहमीचा टोमणा मारला. "काय आणलंस?"

"आणलं काही नाही," ती म्हणाली. "बदली केली."

पुढच्या महिन्याचे पैसे उचलले होते, म्हणजे साठा आजच कमी दाखवायला हवा होता. नियम नियम असतो, आणि जिने केला तिनेच मोडला तर बायका खिल्ली उडवतील. तिने निळं कापड टेबलावर पसरलं, इस्त्री फिरवली, पट्टी ठेवली आणि कात्री चालवली. काय शिवायचं हे ठरलेलंसुद्धा नव्हतं. पट्ट्या पडत गेल्या, एकसारख्या, सुबक. शेवटची पट्टी पडली तेव्हा फोन वाजला.

काका होते.

"तुम्हाला त्रास देतोय," ते म्हणाले. "मुलीचा फोन आला होता आत्ता. तिला दिवस गेलेत ना, म्हणून येता येत नाही तिला. ती म्हणाली, आईने बाळाच्या गोधडीचं सगळं बाजूला काढून ठेवलंय, पांढरी नाडी बांधून. फुलाफुलांचं, पिवळं, आणि पाठीला एक निळं. थोडं शिवूनही झालं होतं, मशीनवर होतं म्हणे. उरलेलं कुणाकडून तरी जोडून घ्या आणि पाठवा, असं म्हणतेय. मला ह्यातलं काही कळत नाही हो. मी आपलं सगळंच पलंगावर मांडलं. चुकून कुणाच्या पिशवीत गेलं असेल. तुम्ही विचाराल का सगळ्यांना? त्यांचे पैसे मी परत देतो. थोडे जास्त घेतले तरी चालेल."

"बघते काका," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने गटाला निरोप लिहिला. चांगला झणझणीत. नाडी बांधलेलं कापड उचलताना जनाची नाही, निदान मनाची तरी वाटायला हवी होती, ज्यांच्याकडे असेल त्यांनी उद्या सकाळी मुकाट्याने आणून द्यावं. निळ्याचा उल्लेख तिने केला नाही.

जुळ्यांच्या आईचं उत्तर आधी आलं. "अय्या, पिवळं माझ्याकडे होतं गं. पण कापलं मी. महिनाअखेर ना."

मग बँकवालीचं. "फुलाफुलांचे चौकोन करून झाले. तूच म्हणतेस ना, लगेच कापा."

"मीही कापलं. साठ्यात धरू नकोस हं," आणखी एकीने लिहिलं.

एकाच संध्याकाळी, आपापल्या घरी, आपापल्या टेबलावर, सगळ्यांनी मिळून त्या बाळाची गोधडी कापून टाकली होती. खजिनदाराने सगळी उत्तरं पुन्हा वाचली. हलकट मेल्या, असं तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात लेसवालीचा निरोप आला.

"आम्हाला काय शिकवतेस? निळ्याची नाडी सोडताना मी पाहिलं की तुला. तोवर आम्ही नाडीवाल्याला हात लावला नव्हता. म्हटलं, खजिनदार घेतेय म्हणजे हिशेबात बसत असणार."

तिने फोन पालथा ठेवला आणि निळ्या पट्ट्या पिशवीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी ती पट्ट्या घेऊन एकटीच काकांकडे गेली. खरं सांगून टाकायचं, पाय धरायचे, मग ते काय बोलायचं ते बोलोत, असं जिने चढताना ती घोकत होती. काकांनी जाडा चष्मा चढवला, पट्ट्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि दोन कडा एकमेकींना लावून पाहिल्या.

"जोडता येतील ना?" त्यांनी विचारलं. "तुम्ही तुकडेच तर जोडता."

"येतील काका. पण पाठ सलग हवी होती. बाळाला शिवणी टोचतील. बाकीच्यांनीही कापलंय सगळं."

"हो का," ते म्हणाले आणि पट्ट्या पुन्हा एकावर एक रचत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "ह्याला नाडी नव्हती का हो?"

पर्स तिच्या मांडीवर होती. आतल्या कप्प्यात नाडी होती, गाठीचा पीळ अजून तसाच. आता. आत्ता बोलायचं.

"नव्हती," ती म्हणाली.

"मग मीच पाडली असणार," काका म्हणाले. "गठ्ठे उचलताना हात थरथरतात माझे. चूक माझीच. तुम्हाला उगाच फुकटचा हेलपाटा पडला." ते उठले, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि नोटा तिच्यापुढे धरल्या.

"नको काका. खरंच नको."

"असं कसं? ती सांगायची मला, खजिनदार फार चोख आहे, पै न पै लिहून ठेवते. माझ्यामुळे तुमचा हिशेब चुकायला नको."

नाही म्हटलं तर का नाही, हे सांगावं लागलं असतं. तिने हात पुढे केला. काकांची बोटं थंड होती. नोटा तिच्या तळव्यावर ठेवून त्यांनी तिची मूठ दोन्ही हातांनी मिटवली, लहान मुलीला खाऊला पैसे देतात तशी.

घरी येऊन ती आधी मोरीत गेली. साबण लावून हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. वास कसलाच नव्हता. तरी तिने पुन्हा साबण उचलला.

"काय आणलंस आज?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

तिने नळ बंद केला.

"पैसे," ती म्हणाली.