पोपटाच्या आईचा उजवा डोळा

आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन उत्तम झालं. आता तिला माझ्या कॉलरवरचा मळ खोलीच्या त्या टोकावरून दिसतो, आणि ती तो त्याच टोकावरून सांगतेही. मात्र ऑफिसच्या नोंदीप्रमाणे असं कुठलंही ऑपरेशन झालेलं नाही. मी त्याच ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात आहे, विभाग म्हणजे मी एकटाच, तेव्हा शिस्त म्हणून मीही ते झालेलं नाही असं धरूनच सांगतो.

तर आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा जास्त पिकलाय. परवा दारात कुरियरवाला आणि मी एकदमच पोचलो, तर तिने त्याला "जेवलास का रे?" विचारलं आणि मला "सही कुठे करू?" दवाखान्याने गुरुवार दिलाय. गुरुवार हुकला की डॉक्टर लांबच्या रजेवर. आम्हाला लागणार फक्त ऑफिसचं आरोग्य कार्ड. त्यावर तिच्या नावापुढे 'नाते: आई' एवढं छापलेलं हवं.

सोमवारी सॉफ्टवेअर अपडेट झालं. मंगळवारी हेडक्लार्क बाई तावातावाने माझ्या टेबलाशी आल्या.

"हे बघ, मी सून आहे."

"आहातच की, बाई."

"अरे, इथे? जिथे 'स्वतः' असायचं तिथे 'सून' आलंय. घरी जे ऐकून कंटाळते, तेच इथेही छापून द्यायचं?"

मी माझं कार्ड काढलं. मीही सून होतो. वॉचमन सून होता. साहेब सून होते. अख्खं ऑफिस सुनांनी भरलं होतं, आणि ज्यांच्या घरी खरोखरीच्या सुना होत्या त्या रातोरात सासवा झाल्या होत्या. वॉचमनचे वडील त्याची मुलगी झाले होते. अकाउंटंटच्या बायकोपुढे 'बहीण' आलं होतं. त्याने ते कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं होतं आणि ड्रॉवरला टेकून बसला होता.

माझ्या आईच्या नावापुढे 'कृपया निवडा' असं होतं.

डोकं खाजवून खाजवून शेवटी गोम सापडली. नात्यांची यादी अक्षरांच्या क्रमाने होती. वर आई, मग आजी, असं करत शेवटी सून, स्वतः आणि अगदी तळाला 'इतर'. फॉर्म नातं लक्षात ठेवतच नव्हता. यादीतला नंबर तेवढा ठेवत होता. अपडेटने यादीच्या डोक्यावर 'कृपया निवडा' ही नवी ओळ बसवली आणि सगळी नाती एकेक घर खाली सरकली. माणसं मात्र आपापले जुने नंबर धरून जागच्या जागी. पहिल्या नंबरवर आई असायची, तिथे आता विनंती होती.

हेल्पलाइनला फोन लावला.

"कॅश क्लिअर केली का, सर?"

"कॅश अकाउंटंटकडे असते. तो ड्रॉवर सोडायला तयार नाही."

"मग दुरुस्तीचा फॉर्म भरा. फक्त, भरणारी व्यक्ती 'स्वतः' हवी."

"इथे स्वतः कुणीच नाही. सगळ्या सुना आहेत."

"मग घरातल्या मोठ्यांना विचारा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी मोठ्यांना फोन लावला. "आई, तू सध्या 'कृपया निवडा' आहेस."

"मग निवड की, मेल्या!"

"निवडता येत नाही. मी सून आहे."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "डोळे माझे गेलेत. तुझं काय गेलंय?"

बुधवारी सगळ्यांच्या नोंदी खालपासून वर चाळताना मला एक 'स्वतः' सापडला. तो साहेबांचा पोपट होता. फॉर्म बनवला तेव्हा 'इतर' चालतंय का पाहायला साहेबांनी नमुना म्हणून त्याचं नाव टाकलं होतं, आणि नमुना काढायचा राहूनच गेला होता. आता 'इतर'च्या जागी 'स्वतः' आलं होतं. मी केबिनमध्ये गेलो.

"साहेब, अख्ख्या ऑफिसात स्वतः म्हणावं असा एकटा तुमचा पोपट उरलाय."

"मला काही कळलं नाही," साहेब म्हणाले, "पण सोमवारपासून तशी सवय झालीय. करायचं काय?"

"दुसऱ्याच्या घरातली नोंद त्यालाही बदलता येत नाही. पण स्वतःचा नवा नातेवाईक जोडता येतो. माझी आई त्याची आई म्हणून लावू?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "त्याला आई नाहीच. विकत आणलेला आहे. लाव."

कार्ड निघालं. 'नाते: आई.' माझा पोपट आजवर खूपदा झाला होता. आईचा मुलगाच पोपट होण्याची ही पहिली वेळ.

गुरुवारी दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंनी कार्ड वाचलं. "मुलाचं नाव पोपट?"

"लाडाचं आहे."

"मग तो कुठाय? सही लागेल त्याची."

"पिंजऱ्यात आहे."

बाईंनी आवाज खाली आणला. "किती वर्षांसाठी?"

"जन्मठेप."

"पोरगा वाईट नव्हता हो," मागून आई म्हणाली. डोळे टिपायची गरज नव्हती, ते तसेच पाणावलेले असतात. "मिरचीपायी वाया गेला."

बाईंनी सहीचा रकाना गुपचूप झाकला आणि आईला रांगेत सगळ्यांच्या पुढे घेतलं.

शुक्रवारी कंपनीने अपडेट मागे घेतलं. अकाउंटंटने ड्रॉवर उघडला. मी पुन्हा स्वतः झालो, माझी आई पुन्हा आई झाली, आणि तिचे दोन्ही डोळे, नोंदीप्रमाणे, पुन्हा जसेच्या तसे पिकले. जे ऑपरेशन झालं ते दुसऱ्या नंबरच्या बाईचं; अपडेटच्या यादीत आई दुसरी होती. आणि दुसरा नंबर जुन्या यादीत आजीचा. म्हणजे कुणा पोपटाच्या आजीला एका डोळ्याने लख्ख दिसत होतं. तो पोपट कर्मचारी नव्हता, म्हणून तेही नामंजूर.

आता डाव्या डोळ्याचा नंबर आला, तर फॉर्म म्हणतो आधी उजवा करा. डॉक्टर म्हणतात उजव्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. आई म्हणते, "मला तू अर्धाच स्पष्ट दिसतोस, आणि तेवढ्यानेच जीव कातावलाय. पण उरलेलाही दाखव."

मी हेडक्लार्क बाईंकडे गेलो. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "नोंद ज्याने केली, दुरुस्तीचा अर्ज त्याच्याचकडे करायचा असतो. लेखी दे."

दिला.

प्रति,
मा. पोपट, माजी स्वतः, विद्यमान इतर,
साहेबांच्या घराची गॅलरी.

विषय: डोळा वर्ग करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपल्या आजीचा उजवा डोळा व माझ्या आईचा उजवा डोळा हा एकच डोळा असून, त्यावरील शस्त्रक्रिया अनवधानाने आपल्या कुटुंबाच्या खाती नोंदली गेली आहे. तरी सदर डोळा आपल्या आजीच्या नावावरून कमी करून माझ्या आईच्या नावे वर्ग करण्यात यावा, डाव्या डोळ्याचा मार्ग मोकळा करण्यात यावा, आणि तसे आदेश स्पष्ट शब्दांत, शक्यतो ऐकलेलेच पुन्हा न म्हणता, निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती.

सोबत: हिरवी मिरची, दोन प्रतींत.