ओठ बरे होईपर्यंत

गाणं ऐन रंगात असताना योगराजचा ट्रम्पेट फुसकला. नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचणारी पोरं थबकली. बॅन्डमास्तर पंडितभाऊंनी वळून पाहिलं, तर योगराज बाहीने हनुवटीवरचं रक्त पुसत होता.

“काय व्हयनं रे?”

“व्हट फुटना, भाऊ.”

योगराज सुरतजवळच्या सचिन गावात कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होता आणि लग्नसराईत डिंडोलीच्या बॅन्डमध्ये वाजवायचा. दहावीपासून त्याच्या चेहऱ्यावर गाठींसारखे फोड यायचे. उशीला गाल टेकला तरी ठणकायचं. कातडीच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि पहिल्यांदाच फोड बसू लागले. ओठ मात्र सुकून भेगाळले.

“फेकी दे ते औषध,” आई, इंदुबाई, म्हणाली. “लोके तुन्हं वाजाडनं ऐकतस, तोंड नही देखतस.”

“आज दाढी करी, गाल दुखना नही, आई,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मिलमधून सुट्टी घेऊन तो दवाखान्यात गेला. डॉक्टरबाई गुजराती, पण पेशंटांकडून मराठी शिकलेल्या. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. तो ठीक होता. मग ओठ पाहिले.

“मलम लावता ना?”

“लावतो. ट्रम्पेट वाजवला की निघून जातं.”

“ट्रम्पेट? पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?”

“तुम्ही काम विचारलं होतं, बेन. बॅन्ड म्हणजे काम थोडंच?”

बाईंना हसू आवरेना. त्यांनी डोस कमी केला. “वेळ जास्त लागेल, लागू दे. गोळी मनाने बंद करायची नाही, वाढवायची नाही. उन्हात डोकं झाकायचं. आणि घरातल्या कुठल्या बाईला ही गोळी देऊ नका. दिवस गेलेले असले तर बाळाला फार मोठा धोका असतो. ओठ बरे होईपर्यंत वाद्य बंद.”

“लगीनसराई शे, बेन!”

“पुढच्या लग्नसराईलाही हेच ओठ लागतील, योगराजभाई.”

त्या रविवारी हिलालचं लग्न होतं. हिलाल त्याचा मिलमधला जोडीदार. योगराज साधा शर्ट घालून गेला आणि मांडवाच्या कडेला उभा राहिला. शाळेत असल्यापासून प्रत्येक वरातीत तो ट्रम्पेट घेऊनच चालला होता. आज हातांचं काय करावं हेच कळेना.

वरात निघाली तसा घोड्यावरून हिलाल ओरडला, “योग्या, लोकेसले नाचाडस, तू कव्हय नाचशी?”

हिलालच्या आत्या मंगलाबाईंनी त्याचं मनगट धरून त्याला सरळ गर्दीत ओढलं. आधी त्याचे नुसते पाय हलले. मग खांदे सुटले. हात कुठेही जात होते, पण ताल एकदाही चुकला नाही. इंदुबाई धावत आली, त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि लाजत लाजत स्वतःही दोन गिरक्या मारून गेली. ते पाहून तो इतका हसला की ओठ चरचरला. ओठावर बोट दाबून तो हसतच राहिला.

नाचता नाचता तो वळला आणि त्याला आपला बॅन्ड समोरून दिसला. आजवर त्याने तो असा पाहिलाच नव्हता. घामाने भिजलेले लाल कोट, फुगलेले गाल, आणि योगराजच्या वाट्याचा तुकडा स्वतः वाजवताना दमछाक झालेले पंडितभाऊ. ट्रम्पेटवाल्यांच्या रांगेत मधोमध, तो नेहमी चालायचा तिथे, एका माणसाएवढी जागा मोकळी होती. रांग पुढे सरकत होती, गल्ली अरुंद होत होती, वाजवणारी पोरं एकमेकांना घासत होती. पण ती जागा कोणी भरत नव्हतं.

योगराज त्या जागेकडे तोंड करून, उलट पावलांनी, नाचत पुढे निघाला.