चाच्यांचा वाढदिवस

बबडीला दोन वर्षं पूर्ण होत होती आणि तिच्या मावशीने, छोटीने, परस्पर ठरवून टाकलं की या वाढदिवसाला सगळ्यांनी समुद्री चाचे व्हायचं. छोटी बालवाडीत शिकवते. हातात कात्री आणि रंगीत कागद आला की तिला आवरणं कठीण. शिवाय तिचं म्हणणं, आपल्या घरात तर खरे चाचे पाहिलेला माणूस आहे.

तो माणूस म्हणजे बबडीचा बाप. लग्नाआधी तो मालवाहू जहाजावर आचारी होता. ते जहाज चाच्यांनी पकडलं आणि त्रेपन्न दिवस अडवून ठेवलं. सुटून आल्यावर कुणी विचारलं की तो एकच किस्सा सांगायचा. चाच्यांच्या म्होरक्याने रश्श्यात मीठ जास्त म्हणून तोंड वाकडं केलं, तेव्हा मी म्हटलं, साहेब, चारी बाजूंना समुद्र, मी तरी काय करणार? लोक पोट धरून हसायचे. मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं. त्यामुळे छोटीचं काही चुकलं नाही. तिने विचारल्यावर ‘चालेल की’ असं तोच म्हणाला होता.

पण त्या आठवड्यात त्याच्या पायाला भिंगरी लागली. आता तो एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होता. तीनशे माणसांचं जेवण हातावेगळं करणारा हा गडी, पण मंगळवारी डोळ्यांदेखत त्याचं दूध उतू गेलं. घरी बायको शिवणयंत्रावर मुलांची काळी जाकिटं शिवत बसलेली असायची. हा उठायचा, कडी बघायचा, जिन्यात डोकावायचा, परत येऊन बसायचा. तिने विचारलं तर म्हणायचा, गॅस बघून आलो. फ्रिजच्या खोक्याचं जहाज करून छोटीने बाहेरच्या खोलीत दाराजवळ लावलं होतं. त्याला त्याने खिडक्या कापून दिल्या, कडांना चिकटपट्टी लावली. सकाळी बायको उठली तेव्हा जहाज पार भिंतीला टेकलेलं होतं आणि दारापर्यंतची वाट मोकळी होती.

रविवारी दुपारी आठ-दहा मुलं जमली. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर काळी पट्टी, त्यामुळे सगळी एकमेकांवर आपटत होती. फुगा फुटला की हा बर्फ आणायला खाली जायचा. तीनदा गेला. चौथ्यांदा निघाला तेव्हा बायको म्हणाली की बर्फाने आता बादली भरेल, तुम्ही केक आणा.

केक त्यानेच केला होता, निळ्या क्रीमच्या लाटांचा. तो टेबलावर ठेवून त्याने हात पुसले, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. छोटीचा नवरा, याचा साडू, आत आला. साडू लिफ्ट दुरुस्त करणारा, सहा फुटी, थट्टेखोर गडी. तोंडाला फडकं, हातात खेळण्यातली बंदूक.

"कुणी हलायचं नाही. हात वर."

मुलं आनंदाने किंचाळली. बबडीच्या बापाचे दोन्ही हात वर गेले.

सगळे हसले. इतका हुबेहूब अभिनय, म्हणून साडूही हसला. मग हसणं हळूहळू विरलं, पण हात खाली येईनात. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. कोपरांवरून घाम गळत होता. बायकोने हाक मारली, ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. साडूने फडकं ओढून काढलं, बंदूक जमिनीवर ठेवली.

"अहो, मी आहे," तो हळूच म्हणाला. तरीही हात वरच.

बबडी गर्दीतून वाट काढत आली. तिची पट्टी कपाळावर सरकली होती. बापाच्या पायाशी उभी राहून तिने वर पाहिलं आणि आपलेही दोन्ही हात उंच केले.

"बाबा, घे."

त्याने खाली पाहिलं.

"घे ना."

त्याची बोटं मिटली, उघडली. मग तो वाकला आणि त्याने तिला उचललं.

भिंतीला पाठ लावून तो खाली बसला. छोटी मुलांना आतल्या खोलीत घेऊन गेली. बराच वेळ गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "पहिले दोन दिवस आम्हाला डेकवर असंच उभं केलं होतं. माझ्या शेजारच्याने हात खाली घेतले."

साडू दाराशी मान खाली घालून उभा होता. त्याला याने पाणी आणायला सांगितलं, म्हणजे त्यालाही हलता आलं.

छोटी परत आली ती डोळे पुसतच, आणि भिंतीवरचा कवटीचा झेंडा उतरवू लागली. त्याने तिला थांबवलं. मुलांचा खेळ अजून संपलेला नाही, राहू दे म्हणाला. केक बबडीला मांडीवर घेऊनच कापला. तिने लाटांमध्ये मूठ घातली.

पुढच्या गुरुवारी तो बायकोबरोबर हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथल्या मनोविकार डॉक्टरीणबाईंचं दुपारचं ताट तो दोन वर्षं भरत होता, पण त्यांच्या खोलीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तो आत गेला, दार लागलं. बायको बाहेरच्या बाकावर बसली. पाऊण तास झाला तरी तो येईना. मधूनच त्याचा आवाज ऐकू यायचा, शब्द कळायचे नाहीत. ती दोनदा उठून दारापर्यंत गेली, आणि दोन्ही वेळा परत येऊन बसली.